चार मिनिटांची साक्ष

दरवाजावाल्याची प्रत मंगळवारी परत आली. टपालाच्या ट्रेमध्ये ती सगळ्यांत खाली होती. पाकीट फोडून मी ती बाहेर काढली तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं. फार तर चहा आज वेळेवर येईल का, एवढंच. संसदेच्या समितीपुढे कोणी साक्ष दिली की आम्ही प्रतिवेदक ती शब्दन् शब्द उतरवून घेतो. मग तिची टाइप केलेली प्रत त्या साक्षीदाराकडे जाते, आणि काही चुकलं असेल तर त्यानं पेन्सिलीनं दुरुस्त करून ती परत धाडायची असते. लोक काय काय दुरुस्त करतात यावर मी एक जाडजूड पुस्तक लिहू शकेन. 'मी' खोडून 'विभाग' करतात. 'मला माहीत नाही' याचं 'तपासून सांगतो' होतं. एका बड्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या प्रत्येक उत्तरात 'सन्माननीय' घुसडलं होतं, तेही लाल शाईनं. दरवाजावाल्यानं एक अक्षर बदललं नव्हतं. धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचं काम करणारा साधा माणूस तो, त्याला कुठलं 'सन्माननीय' सुचायला. पानं उलटत मी सतराव्या पानावर आले, आणि तिथं दोन ओळींच्या बरोबर मध्ये पेन्सिलीची एक खूण दिसली. काही राहून गेलंय ते इथं घाला, हे सांगायला शाळेतली मुलं करतात तशी, टोक वर असलेली बारीकशी खूण. तिच्यावर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल इतकी दाबली होती की कागदाला मागच्या बाजूनं उंचवटा आला होता. मी त्याच्यावरून बोट फिरवलं.

सोबत वहीचा एक रेघी कागद होता. 'ते मागच्या महिन्यात गेले. हे कागद त्यांनी वाचून ठेवले होते. परत पाठवायचे असतात असं लिहिलंय म्हणून पाठवते. खूण त्यांची आहे. मी हात लावलेला नाही.' खाली 'त्यांची पत्नी' एवढंच. मी कागद दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. त्या खुणेच्या जागी काय असायला हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण तिथं काहीतरी होतं, आणि ते मी लिहिलेलं नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. चार मिनिटं. समोरच्या घड्याळात मी तेव्हा पाहिलं होतं. चार मिनिटं तो माणूस बोलत होता आणि माझी पेन्सिल कागदाच्या वर, बोटभर अंतरावर थांबलेली होती.

लोकांना संसद म्हणजे वरचं मोठं सभागृह वाटतं. तिथं आरडाओरडा, कागद भिरकावणं, तावातावानं निघून जाणं, सगळं गॅलरीत बसलेल्यांसाठी. खरं काम खाली होतं, तळमजल्याच्या लांबलचक कॉरिडॉरमधल्या बंद खोल्यांत. आमची खोली चार नंबरची. पंधरा सदस्य, त्यांतले पाच आले की गणपूर्ती होते आणि काम चालू. वर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघे इथं शेजारी बसतात, एकमेकांची पेनं मागून घेतात, एकमेकांच्या रक्तातल्या साखरेची चौकशी करतात. गॅलरी नाही म्हणून इथं माणसं खरं बोलतात, किंवा निदान खोटं तरी हळू आवाजात बोलतात. मोठमोठे खातेप्रमुख इथं रुमालानं मान पुसताना मी पाहिलेत. देशातल्या कुणालाही बोलावून विचारायचा अधिकार या पंधराजणांना आहे. बैठका बंद दाराआड, म्हणून आवाज मुद्रित करणारं यंत्र नाही. यंत्राच्या जागी आम्ही. आम्ही दोघी दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं लिहितो. एकीची पाळी संपली की ती वर टाइप करायला जाते आणि दुसरी पाय न वाजवता येऊन बसते. आम्ही बोलायचं नाही, हसायचं नाही. शिंक आली तर बाहेर जायचं. एकतीस वर्षांत त्या खोलीत मी एक शब्द बोललेली नाही. आमच्या ह्यांना हे खरं वाटत नाही. त्यांच्या मते तिथला सगळा कोटा मी घरी येऊन पुरा करते.

आणि आम्हाला काही आठवतही नाही, हे बाहेरच्यांना पटणार नाही. शब्द कानात शिरतो तो सरळ मनगटात उतरतो, वाटेत डोक्यात थांबतच नाही. दिवसभर एखाद्या भीषण अपघाताची साक्ष लिहून मी घरी येते आणि 'आज काय झालं?' असं ह्यांनी विचारलं की मी खरंच गोंधळते. लिहून झालं की ते कागदाचं, माझं नाही. मग जे लिहिलंच नाही ते कुणाचं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. मंगळवारी दुपारी चहाचा कप निवत असताना तो पडला.

पेन्सिल का थांबली ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हाच्या वडीलधाऱ्या प्रतिवेदक बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. 'हे लिहू नका' असं अध्यक्ष कधी म्हणत नाहीत, कारण तसं म्हटलं तर तेही लिहावं लागतं. तेव्हाचे अध्यक्ष तळहात टेबलावर पालथा ठेवायचे. हात पालथा, पेन्सिल वर. हात उचलला, पेन्सिल खाली. त्यानंतरचे पेनाचं टोपण लावायचे. नऊ वर्षांपूर्वी आताचे अध्यक्ष आले, पूर्वीचे मुख्याध्यापक, अंगानं काटकुळे, शब्द मोजून वापरणारे. पहिल्याच बैठकीत एका साक्षीदाराच्या तोंडून एका मंत्र्याच्या मेव्हण्याचं नाव निघालं, आणि अध्यक्षांनी चष्मा काढून फायलीवर उताणा ठेवला. मी थांबले. दुसऱ्या दिवशी समितीच्या सचिवांनी माझा मजकूर चाळला आणि म्हणाले, "बरं झालं बाई, ते नाव आलं नाही." मला किती शहाणं वाटलं होतं स्वतःबद्दल! न सांगता ओळखलं. त्या दिवसापासून चष्मा उताणा, पेन्सिल वर.

धरणाचं प्रकरण समितीकडे आलं ते अकरा माणसं गेल्यावर. भल्या सकाळी दरवाजे उघडले, आधी वाजायला हवा तो भोंगा वाजला नाही, आणि नदीच्या कोरड्या पात्रात वाळू चाळणारी अकरा माणसं पाण्याबरोबर गेली. भोंगा का वाजला नाही, एवढंच शोधायचं होतं. खात्याचे साहेब येऊन तासभर बोलून गेले. त्यांचं म्हणणं, भोंगा बंद असल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दरवाजावाल्यानं हयगय केली. मग दरवाजावाला आला. इस्त्रीच्या घड्या न मोडलेला नवा शर्ट, दोन्ही हात मांडीवर. तो बोलायला लागला आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी चष्मा काढला. मी थांबले. सहा सदस्य हजर होते. दोघे फोनमध्ये, एक पेंगत, दोघे बाहेर कुजबुजत उभे. चार मिनिटांनी अध्यक्षांनी चष्मा घातला आणि मी पुढचं वाक्य लिहिलं: 'दुसरं काही सांगायचं नाही.'

अहवालाचा मसुदा तयार होता. गुरुवारी समिती तो मंजूर करणार आणि शुक्रवारी तो सभागृहापुढे ठेवला जाणार. त्यातला एकेचाळिसावा परिच्छेद मीच टाइप केला होता. 'भोंगा नादुरुस्त असल्याचे वरिष्ठांना कळवण्यात आले होते, असा कोणताही पुरावा समितीसमोर आलेला नाही. दुर्घटनेची जबाबदारी दरवाजाचालकाच्या हयगयीवर येते.' टाइप करताना माझ्या मनगटानं ते घेतलं आणि कागदाला दिलं. मंगळवारी मी ते पहिल्यांदा वाचलं.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाणी सांडलं. मी पुसायला फडकं घेतलं तेव्हा हे म्हणाले, "थांब, हे काय चाललंय तुझं?" ह्यांनी आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढले, त्यामुळे रेघ दिसली की ह्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. माझं उजवं बोट सांडलेल्या पाण्यात रेघा ओढत होतं. मला पत्ता नव्हता. "काल रात्रीसुद्धा पडल्या पडल्या तुझी बोटं चालत होती," हे म्हणाले. "मला वाटलं स्वप्नात बसचं तिकीट फाडतेयस." मी पाण्याकडे पाहिलं. एक आखूड रेघ, एक बाकदार, खाली टिंब. शॉर्टहँड. 'तीन.' त्याच्यापुढे, अर्धवट पसरलेलं, 'फोन.' पाणी टेबलाच्या कडेनं खाली ठिबकलं आणि ते शब्द गेले. पेन्सिल त्या दिवशी कागदाच्या वर थांबली, असंच मी समजून चालले होते. ती थांबली नव्हती. वरच्यावर, हवेत, सवयीनं ती चालत राहिली होती. हातानं सगळं लिहून घेतलं होतं, फक्त कागदाला लागू दिलं नव्हतं.

ह्यांना मी सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, मग फडकं माझ्या हातातून काढून स्वतः टेबल पुसलं, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. "चार महिने राहिलेत तुझ्या निवृत्तीला," ते म्हणाले. "एकतीस वर्षं तोंड मिटून काढलीस. गप्प बसणं तुला काही नवीन आहे का?" त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच मला ते लागलं. मी म्हटलं, "अहो, माणूस मेलाय तो." ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो. त्याला आता कोण विचारतंय?" मग जरा वेळानं, पाठ माझ्याकडे करून, "तू बोललीस तर तुला विचारतील. बाकीच्या वर्षांचंही विचारतील." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाकीची वर्षं.

बसमध्ये मी उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दुखावला का हो हात?" मी हो म्हटलं. पण पर्सच्या कातड्यावर तो चालतच होता, उबदार, स्वतःच्याच तंद्रीत, आणि मी खिडकीबाहेर बघत रेघा मोजल्यासारख्या ओळखत होते. 'भोंगा.' 'साहेब स्वतः.' 'भिंतीवर.' मग पुढं चार-पाच रेघांचं एक वाक्य यायचं आणि हात थबकायचा. नेमका तिथंच. पुन्हा पहिल्यापासून सुरू. जणू हाताला तिथं काही टोचत होतं. ते शेवटचं वाक्य काय आहे ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर कळायला नको असंही वाटत होतं. उतरायचा थांबा कधी गेला ते कळलं नाही. दोन थांबे चालत मागं आले.

ऑफिसात पाऊल ठेवते तोच फोन वाजत होता. पलीकडे बाईचा आवाज, मागं बादल्यांचा खडखडाट. "कागद पोचले का?" मी म्हटलं, पोचले. "ते जे बोलले ते छापून कधी येणार?" समितीचं कामकाज अहवाल येईपर्यंत गुप्त असतं, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते, ते म्हटलं. ती मग म्हणाली, "तसं नाही, मी घाई करत नाही. इथं त्या अकराजणांची घरं आहेत ना, आमच्याच वस्तीत. मी नळावर गेले की बायका आपापल्या बादल्या उचलून बाजूला होतात. भांडत नाहीत कुणी. नुसत्या बाजूला होतात. छापून आलं की दाखवता येईल, म्हणून विचारलं." मी काहीतरी म्हटलं, शुक्रवार असा शब्द तोंडून गेला असावा. "ते तिकडून आले तेव्हा जेवले पोटभर," ती म्हणाली. "म्हणाले, सांगायचं ते सांगून झालं, आता झोप लागेल." फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. एवढी स्पष्ट, भर सकाळी, उजेडात बसून कधी वाटली नव्हती.

धाकटी टाइप करत होती. धाकटी म्हणजे माझ्याबरोबर पाळी लावणारी दुसरी प्रतिवेदक. सहा वर्षं झाली तरी आम्ही तिला धाकटीच म्हणतो. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अध्यक्ष चष्मा काढतात तेव्हा तू किती वेळ थांबतेस गं?" तिनं मान वर केली. "कुठं थांबते?" "लिहायची." "का?" मी सांगितलं. ती हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर त्यांच्याकडे बघतही नाही. लिहीत सुटते. नको असेल ते सचिव मागाहून काढतात, आणि त्याची रीतसर नोंद ठेवतात." मी म्हटलं, "अगं, पण ते उताणा ठेवतात ना, फायलीवर?" ती म्हणाली, "ताई, चष्मा आणखी कसा ठेवणार माणूस?"

मी उठले आणि दप्तरखोलीत गेले. नऊ वर्षांच्या माझ्या वह्या तिथं कपाटात लावलेल्या आहेत. मी थांबले की तिथं एक बारीक शून्य काढायची माझी पद्धत; पुढं मजकूर जुळवताना सोपं जातं. ती शून्यं मी बुधवारी दुपारी पहिल्यांदा शोधत गेले. एका नर्सच्या साक्षीत दोन. खाणीतल्या मुकादमाच्या साक्षीत एक, वाक्याच्या मधोमध. शाळेच्या कोसळलेल्या जिन्याबद्दल एक आई बोलत होती, तिच्यात तीन. वही उघडली की पान गार लागायचं, आणि शून्याजवळ आलं की माझं बोट हलायला लागायचं, प्रत्येकाचं वेगळं. नर्सचं भराभर. मुकादमाचं जड, अडखळत. त्या आईचं एकच रेघ, पुन्हा पुन्हा. दिवे चालू होते, दाराबाहेर शिपाई कुणाशी तरी हुज्जत घालत होता, सगळं रोजचंच होतं, आणि त्या कपाटापुढे मी एकटी नव्हते. आवाज नव्हता कसलाच. दाटी होती. गर्दीच्या खोलीत डोळे मिटले तरी माणसं आहेत हे जसं कळतं, तसं मला कळत होतं. ती कुणी रागावलेली नव्हती, हेच जास्त वाईट होतं. आपली पाळी येईल म्हणून ती थांबली होती. मी वह्या जशाच्या तशा ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली देताना शिपायाच्या हाताला माझा हात लागला तर तो म्हणाला, "बाई, ताप आहे का अंगात?"

गुरुवारी अकराला बैठक. माझी पाळी दुसरी, पण मी धाकटीबरोबरच आत गेले आणि तिच्या टेबलापलीकडे, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले. तसं बसायला मनाई नाही, कुणी बसत नाही इतकंच. आठ सदस्य आले. परिच्छेद एकेक करून मंजूर होत गेले. सचिव आकडा वाचायचे, कुणी 'ठीक' म्हणायचं, पान उलटायचं. हे असं बघायला कंटाळवाणं वाटतं, पण वरच्या सभागृहात यातलं एक अक्षर कुणी वाचणार नसतं. काय झालं असं देश समजणार, ते इथं, या पान उलटण्यात, ठरत असतं. माझा हात पदराखाली चालत होता. एकेचाळिसावा आला. अध्यक्षांनी पान उलटलं नाही.

"तो माणूस फोनबद्दल काही बोलला होता ना?" ते म्हणाले. "दरवाजे बघणारा. मला असं आठवतंय की बोलला."

सचिवांनी साक्षीची प्रत चाळली. "नोंदीत तसं काही नाही, साहेब."

"मला आठवतंय."

"प्रत त्याच्याकडे दुरुस्तीला गेली होती, साहेब. त्यानं एकही शब्द वाढवलेला नाही." हे खरंच होतं. एकही शब्द वाढवला नव्हता.

पेंगणारे सदस्य जागे होते. ते म्हणाले, "अहो, नोंदीत नाही म्हणजे नाही. आठवणीवर अहवाल लिहायला लागलो तर झालंच." थोडं हसणं झालं. अध्यक्षही हसले, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास सोडून देतो ते मी समोरासमोर पाहिलं. ते म्हणाले, "असेल. माझंही वय झालं. मग एकेचाळीस..."

"थांबा," कुणीतरी म्हणालं. बारीक, घोगरा, न वापरलेला आवाज. सगळे माझ्याकडे वळले तेव्हा तो माझा आहे हे मला कळलं. धाकटीची पेन्सिल अडली. कोण बोललं ते आधी लिहावं लागतं, आणि माझ्यासाठी तिच्याकडे काही नव्हतं. मग तिनं लिहिलं. उलट्या बाजूनं शॉर्टहँड वाचायची मला सवय आहे. तिनं लिहिलं, 'एक प्रतिवेदक'.

"आपण?" अध्यक्षांनी विचारलं. नऊ वर्षं मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत आले होते.

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली. "तो बोलला होता, साहेब. तुम्हाला बरोबर आठवतंय. मी ते लिहिलं नाही."

सचिव अर्धवट उठले. "बाई, बाहेर चला. आपण नंतर..."

"का लिहिलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही चष्मा काढलात."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मी सांगितलं, तळहाताचं, टोपणाचं, मेव्हण्याच्या नावाचं. माझंच बोलणं मला वेड्या बाईचं वाटत होतं, पण मी थांबले नाही. अध्यक्ष ऐकत होते. त्यांचा हात आपसूक चेहऱ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. चष्म्याला हात लावायची त्यांना भीती वाटली.

"बाई," ते फार हळू म्हणाले, "डोळ्यात औषधाचे थेंब घालायला काढतो मी तो. आधी काच पुसायला काढायचो. वर्गात असल्यापासूनची खोड आहे." त्यांनी अडलेला हात खाली घेतला. "म्हणजे मी चष्मा काढला की दर वेळी..."

"हो."

"नऊ वर्षं?"

"हो, साहेब."

सचिव म्हणाले की हे सगळं नियमात बसत नाही. प्रतिवेदक साक्षीदार नव्हे. अध्यक्षांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "या समितीला कुणालाही बोलावता येतं ना?" सचिव म्हणाले, येतं. "मग मी या बाईंना बोलावतो." त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. ती साक्षीदाराची खुर्ची. एकतीस वर्षं मी तिच्याकडे बाजूनं पाहत आले. समोरून बसल्यावर पंधराही खुर्च्या एकदम अंगावर येतात हे मला माहीत नव्हतं. मी शपथ घेतली. "काय म्हणाला तो?" अध्यक्षांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि डोक्यात काहीच नव्हतं. लख्ख रिकामं. पेंगणाऱ्या सदस्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला कागद आणि पेन्सिल द्या." कुणीतरी सरकवली. मी पेन्सिल कागदाच्या वर, बोटभर अंतरावर धरली, जशी त्या दिवशी धरली होती. मग हात खाली गेला आणि लिहायला लागला, त्या माणसाच्या गतीनं, सावकाश, श्वास घेत, आणि मी मागोमाग मोठ्यानं वाचत गेले.

"'भोंगा उन्हाळ्यापासून बंद होता साहेब. मी तीन फोन केले. पहिल्या दोन वेळी म्हणाले, कळवतो. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः बोलले. त्याच दिवशी, पहाटे. म्हणाले, पाणी चढतंय, तू सोड, भोंग्याचं मागाहून बघू. मी म्हटलं, साहेब, पात्रात माणसं असतात सकाळची. ते म्हणाले, मग ओरडून सांग. मी भिंतीवर गेलो. ओरडलो. घसा फुटेपर्यंत ओरडलो. खाली लांबवर ती दिसत होती, एवढी एवढीशी. एकानं वर बघितलं. त्याला वाटलं मी हाक मारतोय, त्यानं हात केला. मग मी आत जाऊन कळ दाबली. न दाबून चालत नव्हतं, भिंत गेली असती तर सगळं गाव गेलं असतं. पण ओरडलो हे लिहा. तीन फोन केले हे लिहा.'"

पेंगणाऱ्या सदस्यांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं होतं. धाकटीची पेन्सिल कागदावर खसखसत होती, एकही शब्द न गाळता. इथं हात थबकला, दोन दिवस थबकत होता तिथंच. मी त्याला अडवलं असतं तर अडला असता, एवढं बळ माझ्यात होतं. मी अडवलं नाही.

हातानं ते शेवटचं वाक्य लिहिलं. मी ते वाचलं, मनात, आणि मला तो दिसला. नवा शर्ट, मांडीवरचे हात. बोलता बोलता तो अध्यक्षांकडून वळून माझ्याकडे बघत होता, माझ्या पेन्सिलीकडे.

"पुढे वाचा," अध्यक्ष म्हणाले.

"'बाई, तुम्ही लिहिताय ना?'"

हात आता शांत होता, माझाच, थकलेला. अध्यक्षांनी विचारलं, "त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"आम्ही बोलत नाही, साहेब," मी म्हटलं. "मी मान हलवली. हो म्हणून."